हॉर्नपासून मोबाइलपर्यंत: सिग्नलला गाड्या कशा कळतात

समोर किती गाड्या खोळंबल्या आहेत ते ओळखून सिग्नलने स्वतःच हिरवं व्हावं, ही कल्पना ‘स्मार्ट सिटी’पेक्षा कितीतरी जुनी आहे. १९२८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका चौकात चार्ल्स अॅडलर यांनी खांबावर मायक्रोफोन बसवला. मुख्य रस्ता एरवी हिरवाच; आडरस्त्याने येणाऱ्याने थांबून हॉर्न वाजवला की सिग्नल बदलायचा. शेजारच्या घरांत काय बोललं जात असेल, त्याची कल्पना केलेली बरी! (मुंबई पोलिसांनी २०२०च्या सुरुवातीला याच्या नेमका उलट प्रयोग जाहीर केला: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.)

टिकली ती मात्र १९६०च्या दशकात रुळलेली तारेची वेटोळी. डांबरात करवतीने चर पाडायची, त्यात तारेचे दोन-चार वेढे घालायचे आणि चर बुजवायची. तारेतून वीज खेळती असते. वर गाडीचं धातूचं धूड आलं की त्या विजेत फरक पडतो आणि तो पेटीतल्या यंत्राला कळतो. १९६३मध्ये टोरांटोने सिग्नल संगणकाला जोडले. सत्तरच्या दशकात गाड्यांच्या गर्दीनुसार सिग्नलच्या वेळा बदलणाऱ्या दोन संगणकीय प्रणाली आल्या: सिडनीत ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’. स्कॅट्स गाड्या मोजतं थांबारेषेपाशी, तर स्कूट बरंच मागे, म्हणजे रांग चौकात पोचण्याआधीच त्याला तिचा अंदाज येतो.

या साऱ्यात एक गोष्ट गृहीत होती: गाड्या लेनमध्ये, एकीमागे एक चालतील. आपल्याकडे दुचाक्या फटीफटीतून पुढे सरकतात, रिक्षा तिरकी घुसते. मग वेटोळ्याचा हिशेब चुकणारच. त्यात आज केबलसाठी, उद्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदला की तार तुटली. म्हणून सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने बेशिस्त, सरमिसळ वाहतूक धरूनच ‘कॉसिकॉस्ट’ ही प्रणाली बनवली. पुण्यातही ती वापरली गेली. पुढे खांबावरचे कॅमेरे आले आणि मोजणीसाठी डांबर फोडायची गरज उरली नाही.

आता तर खांबाचीही गरज नाही. गूगलचा ‘ग्रीन लाइट’ प्रकल्प नकाशे वापरणाऱ्यांच्या प्रवासाच्या माहितीवरून गाड्या कुठे थांबतात ते ताडतो आणि वेळा सुचवतो. बंगळुरू, कोलकाता, हैदराबाद इथे तो वापरून पाहिला गेला. सिग्नलला मात्र तो हात लावत नाही. सुचवलेली वेळ घ्यायची की नाही, हे त्या शहराची वाहतूक यंत्रणाच ठरवते.