माप चुकले की कट? ऑनलाइन मागवलेल्या सायकलिंगच्या कपड्यांचा, बुटांचा आणि हेल्मेटचा प्रश्न

ऑनलाइन मागवलेली सायकलिंगची जर्सी अंगाला नीट बसली नाही की ती परत करताना कारण विचारले जाते आणि समोर बहुधा दोनच पर्याय असतात: लहान झाली किंवा मोठी झाली. ग्राहक प्रामाणिकपणे ‘लहान झाली’ असे कळवतो, एक साइज मोठी जर्सी येते, पोटावरची ओढ जाते. पण आता खांदे उतरतात, बाह्या कोपरापर्यंत येतात आणि पाठीवरचे खिसे खाली लोंबू लागतात. मग तीही परत जाते. दोन्ही वेळा दोष मापाला दिला गेला, पण माप चुकलेलेच नव्हते. चुकला होता तो कट.

माप म्हणजे वस्तू एकंदरीत किती मोठी आहे, आणि कट म्हणजे ते मोठेपण शरीराच्या कोणत्या भागाला किती दिले आहे. शिंप्याकडे कपडा शिवायला टाकला तर हा घोळ होत नाही, कारण तो छाती, कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), खांदा, मुंढा, बाही अशी सगळी मापे वेगवेगळी लिहून घेतो आणि त्यांनुसार कापड बेततो. तयार कपड्यात हीच सगळी मापे ‘एम’ किंवा ‘एल’ अशा एका अक्षरात कोंबलेली असतात. कंपनीने एक ठरावीक अंगलट गृहीत धरून मूळ नमुना काढलेला असतो आणि बाकीचे साइज तोच नमुना सर्व बाजूंनी थोडा थोडा वाढवून किंवा घटवून तयार केलेले असतात. त्यामुळे मोठा साइज घेतला की सगळेच मोठे होते, प्रमाण मात्र जवळजवळ तेच राहते. ज्याच्या छातीचे आणि पोटाचे प्रमाण त्या गृहीत अंगलटीशी जुळत नाही, त्याने त्याच जर्सीचे चार साइज मागवले तरी त्यांतला एकही त्याला धड बसणार नाही.

दोन्हींतला फरक ओळखण्याची खूण तशी सोपी आहे. कपडा सगळीकडे सारखाच तंग किंवा सगळीकडे सारखाच ढगळ असेल तर माप चुकले आहे आणि साइज बदलून काम होईल. एके ठिकाणी तो आवळत असेल आणि त्याच वेळी दुसरीकडे झोळ पडत असेल, तर कट चुकला आहे. अशा वेळी साइज बदलल्याने तक्रार मिटत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते.

मात्र ही खूण आरशासमोर ताठ उभे राहून तपासू नये. सायकलिंगचे कपडे पुढे वाकलेल्या शरीरासाठी बेतलेले असतात: जर्सीचा पुढचा भाग आखूड, पाठीमागचा लांब आणि बाह्या किंचित पुढच्या दिशेने जोडलेल्या. उभ्याने अशी जर्सी पोटावर तोकडी दिसते, पुढच्या झिपच्या बाजूने कापडाला लाटा येतात आणि बिब शॉर्ट्सचे, म्हणजे खांद्यांवरून पट्टे घेतलेल्या सायकलिंगच्या तंग शॉर्ट्सचे, पट्टे खांद्यांना खाली ओढतात. हे सगळे ठीकच आहे. सायकलवर बसून हात हँडलवर ठेवले की पाठ लांबते, पोटाकडची बाजू आखडते आणि तेच कापड जागेवर बसते. घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याचा स्टँड, असेल तर उत्तम. नसेल तर सायकल भिंतीला टेकवून बसावे, आणि तेही जमत नसेल तर खुर्चीवर बसून टेबलाच्या कडेवर हात ठेवून पुढे झुकावे. निर्णय घ्यायचा तो या अवस्थेत. उभ्याने तंग वाटल्यामुळे परत पाठवलेल्या जर्सींपैकी बऱ्याच जर्सी मुळात बरोबर असाव्यात, अशी मला दाट शंका आहे.

जर्सीच्या बाबतीत कंपन्या साधारणपणे दोन कट देतात: अंगाला चिकटून बसणारा रेस कट आणि पोटाला व कंबरेला थोडी जागा देणारा सैलसर कट, ज्याला क्लब किंवा रिलॅक्स्ड म्हणतात. रेस कट हा स्पर्धकाच्या बारीक कंबरेसाठी आणि खाली झुकलेल्या बैठकीसाठी असतो. सरळ हँडलच्या सायकलवर जवळजवळ ताठ बसून चालवणाऱ्याने तो घेतला, तर पुढून पोट उघडे पडते आणि काखेत शिवण काचते. यावर मोठा साइज हा उपाय नाही, कारण त्याने मुंढाही मोठा होतो आणि कापड वाऱ्यात फडफडते. खिशांची परीक्षा मी आवर्जून करतो: फोन, सुटी ट्यूब आणि छोटा पंप खिशांत घालून पुढे झुकावे. खिसे कंबरेच्या वरच राहिले तर माप बरोबर आहे. ते नितंबांवर घसरले तर, बाकी कितीही आरामशीर वाटले तरी, जर्सी मोठी आहे.

बिब शॉर्ट्समध्ये चूक अधिक महागात पडते, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा नसून कातडी सोलण्याचा असतो. आतला पॅड शरीराला पूर्ण चिकटलेला हवा आणि पेडल मारताना शरीराबरोबरच हलायला हवा. तो सुटा राहिला की प्रत्येक फेरीला घासतो, आणि दोन तासांच्या सायकलिंगमध्ये अशा फेऱ्या सहज आठ-दहा हजार होतात. मापात मोठ्या शॉर्ट्सची लक्षणे म्हणजे जांघेत चुण्या पडणे, पॅड खाली लोंबणे आणि मांडीवरचे ग्रिपर, म्हणजे कडेच्या पकड धरणाऱ्या पट्ट्या, वर सरकणे. मापात लहान असतील तर वाकल्यावर सीटवरचे कापड ताणून पारदर्शक होते, शिवणी उसवल्यासारख्या फाकतात आणि ग्रिपरचे खोल वळ उठतात. नव्या बिब शॉर्ट्स चढवताना थोडी कसरत करावी लागते, ती मात्र मापाची तक्रार समजू नये. हे विणलेले लवचीक कापड ताण घेऊनच काम करते आणि म्हणून ते शरीरापेक्षा लहानच बेतलेले असते.

कटची लक्षणे वेगळी असतात. कंबर आणि मांड्या बरोबर, पण पुढे झुकल्यावरही पट्टे खांद्यात रुततात, याचा अर्थ धड लांब आहे आणि शॉर्ट्सचा कट आखूड आहे. काही कंपन्या उंच माणसांसाठी त्याच साइजमध्ये लांब कट देतात, तो शोधावा. कंबर सैल पण मांड्या आवळलेल्या, ही दणकट मांड्यांच्या सायकलपटूंची नेहमीची तक्रारही कटचीच. सर्वांत फसवी अडचण पॅडची असते: बाहेरून सगळे नीट बसते, पण बसताना ज्या दोन हाडांवर शरीराचा भार येतो ती पॅडच्या जाड भागावर न टेकता त्याच्या कडेवर येतात. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर गुडघे थोडे वर घेऊन बसले की दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर बहुतेकांचे १० ते १५ सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते. हे अंतर उंचीवर किंवा वजनावर अवलंबून नसते, त्यामुळे ‘एम’ किंवा ‘एल’ या अक्षरातून ते कळण्याची सोय नाही. स्त्रियांमध्ये ते सरासरीने जास्त असते आणि म्हणून त्यांच्या शॉर्ट्समधला पॅड वेगळ्या आकाराचा असतो. पुरुषांच्या शॉर्ट्स लहान साइजमध्ये घेऊन हे साधत नाही.

बुटांत माप आणि कट यांची गल्लत सर्वाधिक होते, आणि ती मी स्वतःही केली आहे. बूट चवड्यावर आवळत होते, म्हणून मी एक नंबर मोठे मागवले. चवडा सुटला, पण पेडल वर ओढताना टाच प्रत्येक वेळी बुटातून उचलली जाऊ लागली. कारण साधे आहे. युरोपीय पद्धतीत एका नंबरने बुटाच्या साच्याची लांबी दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर वाढते. रुंदी मात्र त्यामानाने फारच थोडी वाढते. मला हवी होती रुंदी आणि मी विकत घेतली लांबी. त्यातून दुसरे एक नुकसान लगेच लक्षात येत नाही: तळव्याला क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तुकडा, बसवण्याची भोके बुटाच्या लांबीच्या हिशेबाने पाडलेली असतात, त्यामुळे लांब बुटात क्लीट चवड्याच्या हाडाखाली न येता थोडी पुढे जाते आणि पोटऱ्यांवर ताण येतो. क्लीट मागे सरकवता येते, पण भोकांची खाच देईल तेवढीच.

सायकलिंगच्या बुटाचा तळ नायलॉनचा किंवा कार्बनचा, कडक असतो. चामड्याच्या चपलेसारखा तो वापरून सैल होत नाही, म्हणून ‘घालून घालून बसेल’ हा सल्ला इथे ऐकू नये. चवडा आवळतो पण अंगठ्यापुढे जागा आहे आणि टाच घट्ट आहे, अशा वेळी त्याच नंबरात रुंद साचा मागवावा. काही कंपन्या तो ‘वाइड’ या नावाने वेगळा विकतात. पायाची वरची कमान उंच असल्यामुळे वरून दाब येत असेल तर आतले तळपान काढून पातळ घालून पाहावे, तेवढ्यानेही बूट वाचतात. बोटे पुढे टेकत असतील तर मात्र माप खरोखरच चुकले आहे. पायाचे माप संध्याकाळी, सायकलिंगचे मोजे घालून, टाच भिंतीला लावून आणि दोन्ही पायांचे घ्यावे. जो पाय मोठा, त्याच्यानुसार बूट घ्यावेत.

हेल्मेटवर ५४ ते ५८ सेंटिमीटर असा घेर लिहिलेला असतो आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या चाकाने तो कमीजास्त करता येतो, त्यामुळे चूक होण्यास वाव नाही असे वाटते. पण घेर हे एकच माप आहे आणि त्याच घेराची दोन डोकी वेगळ्या आकाराची असू शकतात: एक वाटोळे, एक पुढून मागे लांबट. लांबट डोक्यावर वाटोळे हेल्मेट घातले की कपाळाला आणि मागे दाब येतो, कानशिलांपाशी मात्र बोट जाईल एवढी पोकळी राहते. वाटोळ्या डोक्यावर लांबट हेल्मेटचा त्रास याच्या उलट होतो. मोठा साइज घेऊन कपाळाचा दाब जाईल, पण बाजूची पोकळी आणखी वाढेल आणि हेल्मेट डोक्यावर डोलू लागेल. जाड स्पंजच्या पट्ट्या भरून ती पोकळी बुजवणे किंवा आतला फेस घासून जागा करणे, हे दोन्ही उद्योग करू नयेत. तो फेस आघाताच्या वेळी चेपला जाऊन डोके वाचवतो, आणि ईएन १०७८ सारख्या हेल्मेटच्या सुरक्षा मानकाची चाचणी हेल्मेट मूळ अवस्थेत असताना झालेली असते. तपासणीसाठी मागचे चाक आवळावे, हनुवटीचा पट्टा मोकळा ठेवावा आणि डोके हलवावे. हेल्मेट डोक्याबरोबर वळले आणि कुठेही टोचले नाही तरच ते ठेवावे.

हातमोज्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तळव्याचा घेर बरोबर असेल आणि तरीही बोटांच्या बेचक्यात कापड ओढत असेल तर बोटांची लांबी जुळत नाही. अर्ध्या बोटांचे मोजे घेतले की तो प्रश्नच उरत नाही.

ही सगळी धावपळ मागवण्याआधीच टाळायची असेल तर तक्ता वाचताना एक गोष्ट पाहावी: त्यातले आकडे शरीराचे आहेत की कपड्याचे. कपड्यांच्या मापांविषयीचे युरोपीय मानक ईएन १३४०२ शरीराची मापे सेंटिमीटरांत द्यावीत असे सांगते, परंतु ते पाळण्याची सक्ती नाही आणि अनेक विक्रेते कपडा सपाट पसरून मोजलेले आकडे देतात. छातीसमोर ४८ लिहिले असेल तर ती अर्धी छाती आहे. आणि बिब शॉर्ट्सच्या कंबरेसमोर तुमच्या कंबरेपेक्षा बराच लहान आकडा असेल, तर तो न ताणलेल्या कपड्याचा आकडा असण्याची शक्यता अधिक. तो पाहून दोन साइज मोठ्या शॉर्ट्स मागवणारे लोक मी पाहिले आहेत.

पार्सल आल्यावर टॅग आणि बिब शॉर्ट्समधली चिकटवलेली स्वच्छतेची पट्टी काढू नये, शॉर्ट्स पातळ अंतर्वस्त्रावर घालून पाहाव्यात आणि क्लीट लगेच बसवू नयेत, कारण त्यांचे ओरखडे तळव्यावर कायमचे राहतात आणि असे बूट बहुधा परत घेतले जात नाहीत. परत करण्याची मुदत निघून गेली असेल तर शिंप्याकडून बिबचे पट्टे आखूड करून घेता येतात आणि जर्सीची बाही छोटी करता येते, मात्र लवचीक कापडाला ओव्हरलॉकची ताणणारी शिवणच हवी. साध्या टाक्यांची शिवण पहिल्याच ओढीला तटकन तुटते. पॅडची जागा बदलणे शिंप्याच्याही हाती नाही.

अनेकांची छाती तक्त्यातल्या एका साइजमध्ये येते आणि कंबर त्याच्या पुढच्या साइजमध्ये, आणि मग दोहोंपैकी कोणता मागवावा हा प्रश्न पडतो. जर्सी छातीच्या साइजने, पण सैलसर कटमध्ये मागवावी. बिब शॉर्ट्स सीटच्या मापाने घ्याव्यात. कंबरेकडे दुर्लक्ष केले तरी चालते, कारण तिथे पट्टे काम करतात आणि इलास्टिकचा ताण फारसा नसतो. पहिली जर्सी रेस कटची आली असेल आणि पोटावर ओढत असेल, तर बदलून देण्याच्या यादीतला मोठा साइज न निवडता ती सरळ परत करावी आणि नवी मागणी वेगळी नोंदवावी.