नेत्याच्या चिथावणीखोर युद्धप्रचाराची माहिती हेगच्या न्यायालयाला कशी कळवावी : पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

द हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाला जगातली कोणतीही व्यक्ती माहिती पाठवू शकते. हे न्यायालय ज्या करारातून उभे राहिले त्या रोम संविधीच्या कलम 15 मध्ये ही सोय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही. तरीही आलेली बहुतेक निवेदने पहिल्याच चाळणीत गळतात, कारण ती न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातच बसत नाहीत. युद्धप्रचाराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युद्धाचा प्रचार हा रोम संविधीत स्वतंत्र गुन्हा नाही. नेता खोटे बोलला, त्याने द्वेष पसरवला, एवढे दाखवून भागत नाही. त्याचे शब्द, त्याचे पद आणि प्रत्यक्ष घडलेले कृत्य यांना जोडणारा दुवा दाखवावा लागतो. अर्जाची सगळी मेहनत या दुव्यावर खर्च करावी.

आधी भाषणाचा प्रकार ठरवा

सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे वंशसंहारासाठी थेट आणि जाहीर चिथावणी, कलम 25(3)(ई). यात पुढे वंशसंहार घडलाच पाहिजे अशी अट नाही. चिथावणी हाच गुन्हा. पण ती ‘थेट’ हवी, ‘जाहीर’ हवी आणि एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह नष्ट करण्याचा हेतू तिच्यामागे हवा. यातला हेतू सिद्ध करणे सर्वांत कठीण.

दुसरा प्रकार नेहमी आढळणारा आहे : भाषणामुळे खून, हद्दपारी, छळ, नागरी वस्तीवर हल्ले असे मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा युद्धगुन्हे घडणे. येथे ‘चिथावणी’ हे कलम लागत नाही. आदेश देणे, प्रवृत्त करणे (25(3)(बी)) किंवा समान उद्देशाच्या गटाला जाणूनबुजून हातभार लावणे (25(3)(डी)) यांपैकी काहीतरी दाखवावे लागते, आणि त्यासाठी गुन्हा प्रत्यक्ष घडलेला किंवा त्याचा प्रयत्न झालेला असला पाहिजे. अर्जात सरसकट ‘वंशसंहाराची चिथावणी’ लिहून टाकणे ही फार मोठी चूक ठरते. आरोप जितका मोठा, तितका पुरावा अपुरा दिसतो.

तिसरा प्रकार म्हणजे युद्ध सुरू करण्यासाठी रचलेले खोटे. 31 ऑगस्ट 1939 रोजी ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर नाझींनी स्वतःच घडवलेला ‘पोलिश हल्ला’ हे त्याचे ठळक उदाहरण. हा प्रकार आक्रमणाच्या गुन्ह्याखाली, कलम 8 बिसमध्ये येऊ शकतो. पण त्याची दारे फार अरुंद आहेत, ते पुढे येईल.

ओळखायच्या खुणा अशा. माणसांच्या समूहाला झुरळे, उंदीर, रोग, घाण म्हणणे. आपण जे करणार आहोत तेच शत्रू करणार असल्याचा आरोप आधीच करून ठेवणे, म्हणजे कत्तलीला स्वसंरक्षणाचे रूप मिळते. लढणारे आणि सामान्य नागरिक यांतला फरक पुसणे : ‘तिथे कोणीही निष्पाप नाही’. मारण्यासाठी आडशब्द वापरणे. आणि नावे, पत्ते, गावे, वेळ सांगणे. ही शेवटची खूण दिसली तर ती अर्जात सर्वांत वर ठेवा, कारण तिथे मत संपते आणि सूचना सुरू होते. याउलट सैन्याचे मनोबल वाढवणारी भाषणे, विजयाचे फुगवलेले आकडे, शत्रूच्या नुकसानीच्या खोट्या बातम्या यांना निवेदनात जागा देऊ नका. त्या निषेधार्ह असतील, पण फौजदारी खटला त्यांवर उभा राहत नाही, आणि त्यांच्या गर्दीत कामाचा पुरावा हरवतो.

पात्रता : माहिती देणाऱ्याची नव्हे, प्रकरणाची

1. काळ : 1 जुलै 2002 नंतरचे कृत्य. एखादा देश नंतर सदस्य झाला असेल तर सामान्यतः त्याच्या सदस्यत्वापासून पुढचे. या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही.
2. ठिकाण किंवा व्यक्ती : गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक. दोन्हींपैकी एक पुरे. भारत, अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल सदस्य नाहीत. पण त्यांच्या नागरिकाने सदस्य देशाच्या भूमीवर केलेला गुन्हा कक्षेत येतो. सदस्य नसलेला देश कलम 12(3) खाली अधिकारक्षेत्र मान्य करू शकतो. सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवले तर ही अट उरत नाही, जसे 2005 मध्ये दार्फुर आणि 2011 मध्ये लिबिया.
3. वय : कृत्याच्या वेळी आरोपी 18 वर्षे पूर्ण झालेला.
4. पूरकता : संबंधित देश स्वतः त्याच व्यक्तीची, त्याच वर्तनाबद्दल खरीखुरी चौकशी करत असेल तर हे न्यायालय हात घालत नाही. म्हणून स्थानिक पोलीस तक्रार, न्यायालयीन आदेश, फेटाळणीचे पत्र, जे असेल ते जोडा. काहीच झाले नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

सदस्यत्व सोडल्याने आधीचे गुन्हे धुऊन निघत नाहीत. फिलिपिन्स मार्च 2019 मध्ये बाहेर पडला, तरी माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना त्याआधीच्या काळातील आरोपांवरून मार्च 2025 मध्ये अटक होऊन हेगला नेण्यात आले.

पद हा बचाव नाही. कलम 27 नुसार राष्ट्रप्रमुखालाही सूट नाही. ओमर अल-बशीर (2009), व्लादिमीर पुतिन (2023) आणि बेंजामिन नेतान्याहू (2024) यांच्यावर पदावर असतानाच अटक वॉरंट निघाली. दुसऱ्या देशाच्या न्यायालयात मात्र चित्र वेगळे असते. काँगोचे परराष्ट्रमंत्री येरोदिया यांच्यावर 1998 मधील चिथावणीखोर भाषणांवरून बेल्जियमच्या न्यायाधीशाने 2000 मध्ये वॉरंट काढले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (देशांमधील वाद सोडवणारे, या फौजदारी न्यायालयाहून वेगळे) 14 फेब्रुवारी 2002 रोजी ते रद्द करायला लावले, कारण पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला परक्या देशाच्या न्यायालयापासून संरक्षण असते. विद्यमान नेत्याबाबत कलम 15 चा मार्ग महत्त्वाचा ठरतो तो यामुळे.

कागदपत्रे

भाषणाची मूळ ध्वनिचित्रफीत, शक्यतो पूर्ण लांबीची. तीस सेकंदांची कापलेली क्लिप पाठवली तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो की आधी आणि नंतर काय म्हटले होते. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली फाइल जवळजवळ निरुपयोगी, कारण तिथे चित्रफीत दाबली जाते आणि तारीख, उपकरण, ठिकाण यांची आतली माहिती निघून जाते. ज्याने चित्रण केले त्याच्याकडून मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअॅपच वापरावे लागले तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

ऑनलाइन मजकुराचा नुसता स्क्रीनशॉट घेऊन थांबू नका. पानाचा पूर्ण पत्ता, खात्याचे नाव, प्रकाशनाची आणि तुम्ही जतन केल्याची तारीख-वेळ (कोणत्या कालविभागानुसार, तेही) नोंदवा. पान वेबॅक मशीनसारख्या संग्रहात साठवा. फाइल उतरवली की लगेच तिचा शा-256 हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अंकाक्षरी ठसा, काढून वहीत लिहा. पुढे एक बिट बदलला तरी हॅश जुळत नाही, त्यामुळे फाइलला कोणी हात लावला नाही हे दाखवता येते. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. समाजमाध्यम कंपन्या हिंसक मजकूर स्वतःहून काढतात, तेव्हा ‘तक्रार करा’ बटण दाबण्याआधी जतन करा. डिजिटल पुराव्याची ही शिस्त 2020 च्या बर्कले प्रोटोकॉल या मार्गदर्शिकेत सविस्तर आहे.

भाषणाचा शब्दशः लेखी उतारा मूळ भाषेत आणि त्याखाली भाषांतर. आडशब्दांसाठी वेगळी टीप जोडा : हा शब्द त्या भागात, त्या वर्षी, त्या श्रोत्यांना काय सांगत होता. रवांडातील वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तबा या भागाचा महापौर अकायेसू याच्या 1998 च्या निकालात हेच तत्त्व मांडले, की भाषण थेट होते का हे त्या भाषेच्या आणि संस्कृतीच्या संदर्भात ठरते. टीप भाषेच्या जाणकाराची असावी आणि त्याची पात्रता लिहावी.

वक्त्याचे पद आणि नियंत्रण दाखवणारे कागद बहुतेक जण विसरतात : नियुक्तीची अधिसूचना, राजपत्र, पक्षाची घटना, वाहिनीच्या मालकीची नोंद, सैन्याशी वा सशस्त्र गटाशी असलेली अधिकारसाखळी. 1946 मध्ये न्यूरेंबर्गला नाझी रेडिओचे हान्स फ्रिट्शे निर्दोष सुटले, कारण प्रचाराचे धोरण ठरवण्याइतके त्यांचे स्थान महत्त्वाचे नव्हते, असे न्यायाधिकरणाला वाटले. त्याच खटल्यात ज्यूद्वेषी साप्ताहिक ‘डेअर श्ट्युर्मर’चे प्रकाशक युलिउस श्ट्रायखर दोषी ठरले : पूर्वेकडे ज्यूंची कत्तल चालू आहे हे माहीत असतानाही त्यांनी संहाराची मागणी छापणे थांबवले नव्हते. त्यामुळे ‘त्याला माहीत होते’ हे दाखवणारा प्रत्येक कागद जपून ठेवा.

मग कालक्रमाचा तक्ता. पहिल्या रकान्यात भाषण, दिवस, वेळ, जागा, श्रोते. दुसऱ्यात नंतरचे कृत्य, दिवस, जागा, करणारे. तिसऱ्यात दोघांतला दुवा : हल्लेखोर सभेला होते, त्यांनी तेच शब्द वापरले, तीच यादी त्यांच्या हातात होती. सर्बियन नेते वोयिस्लाव शेशेल यांच्यावर माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अनेक भाषणांचे आरोप होते आणि 2016 मध्ये ते निर्दोष सुटले. 2018 च्या अपिलात शिक्षा झाली ती मुख्यतः एका भाषणासाठी, 6 मे 1992 रोजी ह्रतकोव्त्सी गावात क्रोएट रहिवाशांना हाकलण्याची हाक देणाऱ्या. गाव, हाक आणि नंतरची हकालपट्टी एकमेकांना चिकटलेली होती. तिसरा रकाना रिकामा असलेली भाषणे परिशिष्टात टाका.

पीडितांचे सविस्तर जबाब स्वतः नोंदवू नका, मुलांचे तर नाहीच. एकाच माणसाचे तीन संस्थांनी घेतलेले तीन जबाब तपशिलात वेगळे निघतात आणि न्यायालयात त्याच माणसाविरुद्ध वापरले जातात. शिवाय प्रत्येक वेळी त्याला ते सगळे पुन्हा सोसावे लागते. साक्षीदार कोण, साधारण काय पाहिले आणि संपर्काला त्याची संमती आहे का, एवढेच नोंदवा. नावे मुख्य निवेदनात न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवा.

अर्ज पाठवणे

कार्यालयाने 2023 पासून ‘ओटीपी लिंक’ हे ऑनलाइन दालन सुरू केले आहे. न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिथेच जा. टपालानेही माहिती स्वीकारली जाते. न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत, म्हणून निवेदन त्यांपैकी एकीत लिहा आणि मूळ पुरावा त्याच्या भाषेतच जोडा.

निवेदनाच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी : कोणत्या देशातील परिस्थिती, कोणता काळ, कोणते कलम, कोण व्यक्ती, आणि अधिकारक्षेत्र कशामुळे. त्यानंतर घटना, तक्ता, मग क्रमांक दिलेली परिशिष्टे. प्रत्येक विधानासमोर परिशिष्टाचा क्रमांक हवा. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि अनुमान हे तीन वेगळे लिहा. आरोपीच्या बाजूने जाणारा पुरावाही द्या. कलम 54 नुसार अभियोक्त्याला तो शोधावाच लागतो, आणि तुम्ही लपवलेला नंतर सापडला तर उरलेल्यावरचाही विश्वास उडतो.

पाठवल्यावर त्याची जाहीर वाच्यता टाळा. साक्षीदार ओळखू येतात आणि पुरावे नष्ट होतात.

पुढे काय होते

पोच मिळते. मग अधिकारक्षेत्र, पूरकता आणि गांभीर्य, न्यायाचे हित या क्रमाने तपासणी होते. कालमर्यादा नाही; वर्षे जातात. वाजवी आधार दिसला तर अभियोक्ता न्यायाधीशांच्या पूर्वचौकशी पीठाची परवानगी मागतो, तेव्हा पीडितांना पीठापुढे म्हणणे मांडता येते. नकार मिळाला तर माहिती देणाऱ्याला अपील नाही. वॉरंट निघाले तरी न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत, आणि आरोपी हजर नसताना खटला चालत नाही.

हे दार बंद असेल तेव्हा

आक्रमणाच्या गुन्ह्यावरील अधिकार 17 जुलै 2018 पासून लागू आहे, पण सुरक्षा परिषदेने सोपवल्याशिवाय सदस्य नसलेल्या देशाचे नागरिक त्यातून वगळलेले आहेत. युक्रेनवरील आक्रमणासाठी जून 2025 मध्ये युरोप परिषद आणि युक्रेन यांना विशेष न्यायाधिकरणाचा करार करावा लागला तो यामुळेच.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 20 सांगते की युद्धाच्या कोणत्याही प्रचाराला कायद्याने बंदी हवी. स्वसंरक्षणाचे समर्थन यात मोडत नाही. या कराराखालची वैयक्तिक तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे जाते, पण ती नेत्याविरुद्ध नसून देशाविरुद्ध असते. तक्रारदार स्वतः पीडित हवा, देशांतर्गत उपाय संपलेले हवेत आणि त्या देशाने अशा तक्रारींना मुभा देणारा जोडकरार, म्हणजे पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल, स्वीकारलेला हवा. भारताने तो स्वीकारलेला नाही. अमेरिका आणि ब्रिटनसह अनेक देशांनी कलम 20 बाबत स्वतःपुरत्या सवलती (रिझर्व्हेशन) नोंदवून ठेवल्या आहेत, तेही आधी तपासा.

हेगहून नकार आला तरी संचिका फेकू नका. कलम 15(6) प्रमाणे नवी तथ्ये वा पुरावे आल्यास अभियोक्ता त्याच परिस्थितीचा पुन्हा विचार करू शकतो. नव्या निवेदनावर जुना संदर्भ क्रमांक लिहा, आधी दिलेले पुन्हा पाठवू नका, आणि पहिल्याच परिच्छेदात नवे काय आहे ते सांगा.