पानातलं पाणी, पेटीतली हवा

मे महिन्यात अर्जुनी-मोरगावकडच्या एखाद्या फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करायच्या जागी, जाऊन बघा. सत्तर-सत्तर पानांची तेंदूची पुडकी रांगेने उन्हात मांडलेली असतात. पान इतकं कडक वाळतं की मुठीत आवळलं तर चुरा होतो. पण बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरायच्या आधी त्याच पुडक्यांवर पाणी शिंपडतात, आणि काही वेळाने पान मऊ पडतं, दाबून भरलं तरी फाटत नाही. बिडी वळणाऱ्या बाया पान रात्रभर ओलं ठेवून मगच कात्री लावतात. झाडावरून तुटलेलं पानही हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं, हे फळीवरचा प्रत्येक माणूस जाणतो.

सिगार ठेवायची लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, याच देवघेवीवर चालते. चुलतभावाने परदेशातून मोठ्या काकांसाठी अशी एक पेटी आणली, सोबत पंचवीस सिगार. साकोलीच्या घरात पंधरा दिवसांत सिगारांची वरची पानं तडकली. पेटी चांगली होती, आत पाणी धरणारा स्पंजही होता. मला हे कोडं सोडवायला फार आवडलं, कारण त्याचं उत्तर हवेत नसून लाकडात होतं.

सिगारला सुमारे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. सापेक्ष म्हणजे, त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्यापैकी किती भरली आहे ते. २० अंशांना एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी हवेत वाफ असूनही ती कोरडीठाक वाटते. आर्द्रता २० टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली येते.

आता पेटीचा हिशेब मांडू. दहा लिटरच्या पेटीतल्या हवेत, २५ अंश आणि ७० टक्क्यांना, वाफ असते जेमतेम ०.१६ ग्रॅम. पण पेटीचं लाकूड एक किलो धरलं तर ७० टक्के आर्द्रतेत ते सुमारे १३० ग्रॅम पाणी धरून बसतं. वीस टक्क्यांच्या हवेत तेच लाकूड ४५ ग्रॅमवर येतं. म्हणजे कोरड्या पेटीला आधी ८५ ग्रॅम पाणी हवं असतं. ते स्पंजकडून लवकर मिळालं नाही, की ती सिगारातून ओढते. काकांची पेटी रिकामी असताना महिनाभर माळ्यावर तापली होती आणि सिगार थेट तिच्यात ठेवले होते. तहानलेल्या लाकडाने सिगारच प्यायले.

म्हणून नवी पेटी आधी ‘पाजावी’ लागते. ८४ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं मिळतात; ती आत ठेवून पेटी दोन आठवडे बंद करावी. ओल्या फडक्याने आतून पुसायची घाई मला पटत नाही. लाकूड एका बाजूने फुगतं आणि झाकण वाकडं होतं. एकदा लाकूड भरलं की तेच आधार देतं. दुपारी पेटी थोडी तापली तरी लाकूड आणि तंबाखू आपल्यातली वाफ सोडतात, आणि आतली आर्द्रता फारशी ढळत नाही. अर्धवट रिकामी पेटी जास्त डळमळते, ती याचमुळे.

आर्द्रतामापकाच्या काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पण मीठ विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांवरच थांबते, हिवाळा असो की उन्हाळा. मापक ७० दाखवत असेल, तर तो पाचने कमी दाखवतो. घरच्या मिठाने एवढी नेमकी तपासणी होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पाणी डिस्टिल्डच घाला. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं तर क्षार साचून स्पंजची छिद्रं बुजतात.

पेटीचं अस्तर बहुधा ‘स्पॅनिश सीडर’चं असतं. ते ना स्पेनचं, ना देवदाराच्या जातीचं. सेड्रेला ओडोराटा हे अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशाचं झाड, आणि कूळ आपल्या कडुनिंबाचं. याच कुळातल्या तुणी या झाडाचं लाकूडही चिरूटांच्या पेट्यांना वापरलं गेलंय. आपलं सागवान बाहेरून उत्तम, पण तेलकट असल्याने ओलावा हवा तसा घेत-सोडत नाही, शिवाय स्वतःचा वास देतं. झाकणात कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निसटली तर ती पेटी घेऊ नका.

विदर्भात खरी अडचण उष्णतेची आहे. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगा हळद-मिरचीतही पडतो. पानात त्याची अंडी असतील तर २४-२५ अंशांच्या वर ती उबण्याचा धोका वाढत जातो, आणि आपल्या खोल्या मे महिन्यात ३५ च्या पुढे असतात. लाकडाच्या वासाने तो मरत नाही. सिगार हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांना तीन-चार दिवस ठेवावे, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आणि सगळा वेळ पिशवी बंद. ती मध्येच उघडली तर गार पानावर दव धरतं.

गावात वीज जाते, कुलर बंद पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की देखण्या पेटीपेक्षा रबरी कडेचा प्लास्टिकचा हवाबंद डबा, ६५-७० टक्के आर्द्रता राखणारी दोन पाकिटं आणि घरातली सगळ्यात गार खोली बरी. सिगार नीट राखला तरी त्याच्या धुराने होणारा कर्करोगाचा धोका तेवढाच राहतो, हे काकांनाही सांगितलंय.

जुलैत सगळं उलटतं. दार फुगून चौकटीत अडकतं, आर्द्रता ८५-९० वर जाते आणि पानावर बुरशी येते. तेव्हा स्पंज काढून घ्यावा. क्षारांच्या द्रावणाची दुतर्फी पाकिटं मात्र राहू द्यावीत. ती जादा वाफ शोषूनही घेतात. दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली, की पाकीट बोटांनी चाचपून बघा. आत खडे लागले, तर ते बदलायला झालंय.