मुंबईचा पुढचा आर्चबिशप कोण? हा प्रश्न आजचा नाही

शनिवार ३० नोव्हेंबर २०२४. दुपारचे साडेचार झाले आणि फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. बातमी अशी की पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप झाले, म्हणजे मुंबईच्या कॅथलिकांचे तेव्हाचे प्रमुख, आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस निवृत्त झाले की त्याच क्षणी गादी यांच्याकडे, वेगळी नेमणूक लागत नाही. साडेचारच का, तर व्हॅटिकन अशा नेमणुका रोमच्या दुपारी बाराला जाहीर करतं आणि थंडीत तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात. हे ज्यांना माहीत होतं ते पाच वर्षं मधूनमधून त्या वेळेला फोन बघायचे, मी पण. मावशीला फोन करून सांगितलं तर तिने एकच विचारलं, "मराठीत मिस्सा करतील ना रे?" मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना.

तिचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईत "कोण होणार" याच्या पोटात कायम "आपला असेल का" हे असतंच, आणि ते आजकालचं नाही, तीनशे वर्षांचं आहे.

आधी ही पाच वर्षं कशी झाली ते. चर्चच्या कायद्याप्रमाणे बिशपला ७५ पूर्ण झाले की राजीनामा पाठवायचा असतो, पण तो स्वीकारायचा कधी हे पोपच्या हातात. ग्रेशस २४ डिसेंबर २०१९ला ७५ झाले, राजीनामा गेला, आणि पोप फ्रान्सिसनी त्यांना थांबायला सांगितलं. २०१३ पासून ते पोपच्या सल्लागार कार्डिनलांच्या मंडळात होते, त्यामुळे याचं फार नवल वाटलं नाही, पण दर नाताळला चर्चच्या आवारात चर्चा तीच. नावं फिरायची, यायची जायची. त्या नावांना आधार काहीच नसतो, कारण निवड सगळी बंद दाराआड होते. दिल्लीतले पोपचे राजदूत, त्यांना नुन्सिओ म्हणतात, ते निवडक बिशप, फादर आणि थोड्या प्रापंचिकांना प्रश्नावली पाठवतात, ज्याला मिळाली त्याने त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मग तीन नावांची यादी रोमला जाते आणि शेवटी पोप ठरवतात. ज्या माणसाचा विचार होतोय त्याची बदनामी होऊ नये म्हणून ही गुप्तता, ते मला पटतं. पण पाच लाखांच्या आसपास कॅथलिक लोक, मुंबई, उपनगरं, ठाणे, रायगड एवढा मोठा पसारा, आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी कधी काही विचारतच नाही, हे मात्र मनाला लागतं.

आता मागे जाऊया. पोर्तुगालच्या राजाकडे पोपने दिलेला हक्क होता, पाद्रोआदो म्हणतात त्याला, पूर्वेकडचे बिशप कोण हे तो सुचवणार. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर त्यांना पोर्तुगीज पाद्री नकोसे झाले, १७२०ला त्यांना बाहेर काढलं आणि रोमच्या प्रोपागांडा, म्हणजे धर्मप्रसाराच्या खात्याखालचे कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. पुढे १७९४ला तर एकाच शहरात दोन सत्ता झाल्या, काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांखाली तर काही रोमने नेमलेल्या बिशपांखाली, गाव एक, नातीगोती एक आणि बिशप दोन.

हे कुठल्या थराला गेलं ते माहीमला दिसलं. तेच माहीमचं सेंट मायकल, जिथे आज बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगा लावतात. १८५३ला तिथल्या चर्चच्या लोकांना पाद्रोआदोकडे, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांखाली जायचं होतं, तर रोमने नेमलेले बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले, मेलो तरी चर्च सोडणार नाही म्हणून. बाहेरच्यांनी वेढा घातला, आत अन्नपाणी जाऊ देईनात, असे जवळजवळ पंधरा दिवस गेले आणि शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. चर्च पाद्रोआदोकडे गेलं. विचार करा, आतले कॅथलिक, बाहेरचे कॅथलिक, एकाच वेदीवर गुडघे टेकणारी माणसं, आणि भांडण कशावरून तर आमचा बिशप कोण.

१८८६ला मुंबईचा महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतला भाग, झाला आणि पहिले आर्चबिशप सगळे युरोपातले जेझुइट संघाचे पाद्री, पोर्टर, डालहॉफ, युर्गेन्स, गुडियर. याच काळात, १८८७ला, इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे गोव्याहून नोकरीला आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, आपण इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून. आर्चबिशपच्या गादीबद्दल घराघरात जी हळवी बाजू आहे ती बरीचशी तिथून आली असं मला वाटतं.

दोन सत्तांचं त्रांगडं १९२८ला सुटलं, पण कसं, तर रोम आणि पोर्तुगाल यांच्यात ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश! भारतीय माणसाचा त्यात नंबरच नाही. पहिले आले पोर्तुगीज लिमा, ते १९३६ला वारले, मग पाळी ब्रिटिशांची आणि १९३७ला आले थॉमस रॉबर्ट्स. ते तेव्हा लिव्हरपूलला होते आणि आपली नेमणूक त्यांना एका पत्रकाराकडून कळली असं सांगतात.

या रॉबर्ट्सबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्यानंतर पोर्तुगीज येणार हे त्यांना कागदावर दिसत होतं आणि ते चूक आहे हेही दिसत होतं. १९४६ला वलेरियन ग्रेशस (ओस्वाल्ड नव्हेत, हे वेगळे) त्यांचे सहायक बिशप झाले, मग सगळा कारभार त्यांच्यावर सोपवून रॉबर्ट्स मुंबईतून निघून गेले, राजीनामा मात्र लगेच नाही, कारण तो दिला असता तर गादी रिकामी आणि पोर्तुगीजांची पाळी सुरू. १८ जुलै १९५०ला पोर्तुगालने हक्क सोडला आणि त्याच डिसेंबरात वलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. गोंयकार कुटुंबातले, जन्म कराचीचा (कराची १९४८ पर्यंत मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती), आणि १९५३ला देशाचे पहिले कार्डिनल.

११ सप्टेंबर १९७८ला ते वारले आणि त्याच दिवशी सायमन पिमेंटा आर्चबिशप झाले, ते आदल्या वर्षीच कोअ‍ॅडज्युटर झालेले. पिमेंटा मरोळचे, ईस्ट इंडियन, इथल्या गावठाणातले. आमच्या घरात त्यांचं नाव अजून वेगळ्या आवाजात घेतलं जातं.

१९९६ला मात्र सगळ्यांचे अंदाज चुकले. आले आयव्हन डायस, वांद्र्याचेच खरे, पण आयुष्य व्हॅटिकनच्या राजदूतगिरीत गेलेलं, तेव्हा ते अल्बानियात होते. २००६ला पोपनी त्यांना रोमला बोलावलं आणि अचानक जागा रिकामी झाली, मग आग्र्याहून ओस्वाल्ड ग्रेशस आले. ते आधी मुंबईचेच सहायक बिशप. जॉन रॉड्रिग्ज यांचंही तसंच, २०१३ पासून मुंबईत सहायक बिशप, २०२३ला पुण्याला, आणि दीड वर्षात परत. म्हणजे इथे तयार झालेला माणूस बाहेर एक धर्मप्रांत सांभाळून आला की रोमला तो बरा वाटतो, निदान दोनदा तरी तसं झालंय. नावं फिरवणाऱ्यांनी आवारातल्या माणसांपेक्षा बाहेर गेलेल्यांकडे बघायला हवं होतं.

आणि मावशीच्या प्रश्नाचं काय? १९९८ला वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, थॉमस डाबरे पहिले बिशप, वसईचेच. वसईला ते हवंच होतं आणि चांगलंच झालं. पण मराठीत प्रार्थना करणारा केवढा मोठा समाज मुंबईच्या महाधर्मप्रांतातून गेला, आणि इकडे राहिले उत्तन, गोराई, मनोरीचे कोळी आणि गावठाणांतली आमच्यासारखी घरं, जिथे रविवारची मराठी मिस्सा कधी सकाळी लवकर असते तर कधी नसतेच.

२५ जानेवारी २०२५ला ग्रेशस यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि रॉड्रिग्ज आर्चबिशप झाले. त्यांचा जन्म ऑगस्ट १९६७चा, म्हणजे ७५ होतील ऑगस्ट २०४२ला. तेव्हा नुन्सिओंकडून प्रश्नावलीची पाकिटं निघतील त्यातली दोन-चार उत्तनच्या कोळीवाड्यातही जावीत, एवढं मला आत्तापासून वाटतंय.