पऱ्हाटीचा बोर्ड लोकांना वाकवू द्या, भिजवू द्या

कापूस वेचून झाला की वऱ्हाडातल्या शेतात उरते ती पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटवतात. उभी ठेवावी तर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. या काड्यांपासून फर्निचरचा बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं विकसित केलं आहे. काड्यांचा भुगा करायचा, वाळवायचा, त्यात रेझिन, म्हणजे चिकटवणारं रसायन, मिसळायचं आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायचं. पऱ्हाटीतही लाकडासारखंच सेल्युलोज आणि लिग्निन असतं, म्हणून हे जमतं.

तरी हिंगणघाटच्या किंवा पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला "पऱ्हाटीचं कपाट घ्या" म्हटलं तर तो आधी काडी मोडून दाखवेल. त्याचं बरोबरच आहे. म्हणून अशा बोर्डाचं दालन काढायचं तर ते कापसाच्या यार्डाजवळ हवं आणि तिथली प्रत्येक वस्तू हाताळता आली पाहिजे. टचस्क्रीन नकोच. धूळ, भारनियमन आणि मे महिन्यातलं ऊन यांत ती टिकत नाही, आणि स्क्रीनवर दाखवलेल्या मजबुतीवर कोणी पैसे टाकत नाही.

माझ्या मते दालनाच्या मधोमध वाकवण्याचं टेबल असावं. 9 मिलिमीटर जाडीची एक पट्टी दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध वजन टांगायचं, मागे मोजपट्टी लावायची. समजा ती 16 मिलिमीटर वाकली. आता तशीच दुसरी पट्टी तिच्यावर नुसती ठेवली, तर वाक निम्मा होतो, 8 मिलिमीटर. पण त्याच बोर्डाची सलग 18 मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, तर तेवढ्याच वजनाला ती 2 मिलिमीटरच वाकते! माल तेवढाच, मग फरक कुठून आला? पट्टी वाकते तेव्हा तिची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. सुट्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, सलग पट्टीला सरकायला वावच नसतो. एक काडी सहज मोडते आणि चिकटवलेल्या काड्यांचा बोर्ड भार पेलतो, त्यात या न सरकण्याचा मोठा वाटा आहे. ताण पृष्ठभागाशी सर्वांत जास्त असतो, म्हणून चांगल्या बोर्डात बारीक भुगा बाहेरच्या थरांत आणि जाडाभरडा आत घालतात. कापलेली कड भिंगाखाली ठेवली की हे थर स्पष्ट दिसतात.

दुसरी जागा पाण्याची. इथे विक्रेत्याला मोह होईल टाळायचा, पण टाळू नये. एकाच बोर्डाचे दोन तुकडे, एकाच्या कडा सीलबंद, दुसऱ्याच्या उघड्या. दोन्ही सकाळी पाण्यात ठेवायचे, जाडी पाटीवर लिहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला व्हर्नियर देऊन पुन्हा मोजायला लावायचं. उघड्या कडांचा तुकडा फुगतो. सेल्युलोज पाणी ओढून घेतं, शिवाय प्रेसमध्ये दाबलेले कण ओलावा मिळताच सैल होतात. वाळल्यावरही तो तुकडा पहिल्यासारखा होत नाही. न्हाणीघरात हा बोर्ड वापरू नका, हे सांगायला याहून चांगली पाटी नाही.

मिस्त्री लोकांसाठी स्क्रू आणि पेचकस ठेवावा. बोर्डाच्या सपाट बाजूला स्क्रू घट्ट धरतो, कडेत तेवढा धरत नाही. ते स्वतः पिळून बघतील आणि बिजागरी कुठे बसवायची ते ठरवतील.

रेझिनबद्दल मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं पाहिजे. स्वस्त बोर्डात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं आणि त्यातून थोडा फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं. म्हणून कमी वायू सोडणारा बोर्डच विकावा, आणि दालनाला समोरासमोर खिडक्या असाव्यात. सोयाबीनच्या प्रथिनांपासूनही लाकूड चिकटवता येतं. आपल्याकडे कपाशीच्या शेजारच्या वावरात सोयाबीनच उभं असतं, तेव्हा त्या दिशेनं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दारापाशी वजनकाटा आणि ओलावा मोजायचं यंत्र हवंच, कारण इथला गिऱ्हाईक हाच पऱ्हाटी विकणाराही आहे. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) कापूस घेताना 8 ते 12 टक्के ओलावा बघते, तो हिशेब त्याला पाठ आहे. तोच पऱ्हाटीला लावायचा: क्विंटलभर काडीत निम्मं पाणी असेल तर बोर्डाच्या कामाचा माल 50 किलोच. शेजारी दोन सारख्या टोपल्या ठेवाव्यात, एकीत अख्ख्या काड्या, दुसरीत त्यांचा भुगा. दोन्ही काट्यावर चढवल्या की भुग्याची टोपली कितीतरी जड भरते. गाडीभाडं तेवढंच लागणार असेल तर काडी गावातच दळून पाठवावी की नाही, ते शेतकरी तिथेच उभ्या उभ्या ठरवेल.