रेओग की बारोंगान? २००७ च्या भांडणाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियाचा रेओग हा मुखवट्याचा नाच युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, तेही ‘तातडीने जतन करा’ वाल्या यादीत. पण ही घाई समजायची तर २००७ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी मलेशियाच्या एका सरकारी वेबसाइटवर ‘बारोंगान’ म्हणून एक फोटो लागला. वाघाचं तोंड, वर मोरपिसांचा भलामोठा पिसारा, म्हणजे उघड उघड पूर्व जावातल्या पोनोरोगोचा रेओगच, फक्त मुखवट्यावर जिथे पोनोरोगोचं नाव असतं तिथे ‘मलेशिया’. आता हा मुखवटा चाळीस-पन्नास किलोचा, जवळपास सिमेंटचं पोतंच, आणि नाचणारा तो दातांनी धरून पेलतो, त्यामुळे ज्याने त्यासाठी मान आणि जबडा कमावलाय त्याचं डोकं फिरणारच. नोव्हेंबर संपता संपता रेओगवाले जकार्तात मलेशियाच्या दूतावासासमोर जाऊन धडकले. आम्ही मालकी सांगितलेलीच नाही, असं राजदूत म्हणाले. मग नाव कशाला बदललंत?

मलेशियाने नाच चोरला, असा इंडोनेशियात आरोप झाला, पण ‘चोरी’ हा शब्द मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जावातली माणसं आजच्या मलेशियातल्या जोहोर-सेलांगोरला गेली, जंगल तोडलं, रबराच्या मळ्यांवर राबली, आणि जोहोरातल्या बातू पहातकडे स्थायिक झालेल्यांनी आपले नाचही नेले. तिथे गोष्ट बदलली. पोनोरोगोत राजा क्लोनो सेवांदोनो केदिरीच्या राजकन्येला मागणी घालायला निघतो आणि वाटेत त्या वाघमुखवट्याचा सिंगो बारोंग आडवा येतो. मलेशियात तेच सोंग पैगंबर सुलेमानाच्या कथेत शिरलं. बांबूचे घोडे घेऊन करायच्या कुडा केपांग नाचाचा संबंधही जोहोरात इस्लामच्या प्रसाराशी लावतात. आणि ‘अस्सल’ म्हणाल तर पोनोरोगोतही घोडेस्वार जाथिल पूर्वी मुलगे असायचे, १९८०च्या दशकापासून तिथे मुली नाचायला लागल्या, त्यावर कोणी दूतावास गाठला नाही.

दरबारी देवघेव याहून जुनी. रियाउ-लिंगाच्या (आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरच्या) दरबाराकडून आलेल्या गामेलान वाद्यवृंदावर १८११ मध्ये मलेशियातल्या पहांगच्या पेकानला एका लग्नात नाच झाल्याचं सांगतात, पुढे तो शेजारच्या तेरेंगानूला गेला, त्यातल्या राजपुत्र पांजीच्या कथा जावाच्याच.

२००९ मध्ये मलेशियावरच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या जाहिरातीत इंडोनेशियातल्या बालीचा पेंडेत नाच दिसला आणि पुन्हा तोच गोंधळ, तोही चॅनेलच्या चुकीमुळे. २०२२ मध्ये रेओगसाठी युनेस्कोकडे मलेशियाच अर्ज करणार अशी बातमी उठली तेव्हा इंडोनेशियात एकदम धावपळ झाली. गंमत म्हणजे रेओगची नोंद झाली त्याच बैठकीत केबाया या बायकांच्या पोशाखाचीही झाली, आणि तो अर्ज इंडोनेशिया, मलेशियासकट पाच देशांनी मिळून केला होता.