गाठ निघाल्यानंतरचे वर्ष

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली पीयूषिका ग्रंथी (बोलीत पिट्युटरी) वाटाण्याएवढी आणि वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम असते. तिच्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. शस्त्रक्रिया करावी लागल्यास ती आज बहुधा नाकपुडीतून दुर्बीण घालून होते. नाकावाटे या ग्रंथीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शल्यचिकित्सक हेर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्येच दाखवून दिला होता. डोक्यावर टाके नसतात आणि रुग्ण सहसा काही दिवसांत घरी येतो, त्यामुळे आजारपण संपले अशी घरच्यांची समजूत होणे स्वाभाविक आहे. कुशिंगच्या आजारात मात्र ही समजूत रुग्णाला फार जड जाते.

या आजारात ग्रंथीतील छोटी गाठ एसीटीएच हे संप्रेरक अखंड सोडत राहते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी त्यामुळे कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक गरजेपेक्षा खूप जास्त तयार करतात. चेहरा गोल होतो, पोट सुटते, मांड्यांचे स्नायू झिजतात, झोप उडते. १९३२ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी या लक्षणांचा संबंध पीयूषिकेतील गाठीशी जोडला. गाठ पूर्ण निघाली की कॉर्टिसॉल एकदम तळाला जाते, कारण ग्रंथीतील निरोगी पेशी इतके दिवस दबून निष्क्रिय झालेल्या असतात. डॉक्टरांच्या दृष्टीने हा यशाचा पुरावा असतो. रुग्णाला मात्र त्याच सुमारास सांधे ठणकणे, मळमळ, भूक न लागणे, हातापायांची त्वचा सोलली जाणे आणि अंथरुणातून उठवत नाही असा थकवा, हे सारे एकदम जाणवू लागते. शस्त्रक्रियेआधी मी बरा होतो, असे रुग्ण म्हणतो तेव्हा ते कुरकुरणे नसते; जादा कॉर्टिसॉलला सरावलेल्या शरीराची ती खरीखुरी अवस्था असते.

दबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागेपर्यंत कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. यात अनेकदा सहा महिने ते वर्ष जाते, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. जमिनीवर बसल्यावर हात न टेकता उठता येऊ लागणे ही या काळातील मोठी मजल असते. उदासी, चिडचिड आणि विसराळूपणा तर कॉर्टिसॉल स्थिरावल्यावरही काहींच्या बाबतीत मागे राहतात.

याच ग्रंथीतील गाठ वाढीचे संप्रेरक जादा सोडू लागली की होणाऱ्या अक्रोमेगॅलीची गोष्ट थोडी निराळी आहे. ते संप्रेरक आटोक्यात आले की हातांची सूज लवकर उतरते आणि बोटात अडकलेली अंगठी सैल होते, पण वाढलेला जबडा आणि झिजलेले सांधे पूर्ववत होत नाहीत. रक्ताचा अहवाल उत्तम आणि गुडघे दुखतातच, असे म्हणूनच घडते. ही तफावत टिपण्यासाठी अक्रोमेगॅलीकरिता २२ प्रश्नांची आणि कुशिंगकरिता १२ प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली आहे. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत एवढे प्रश्न विचारायला वेळ कुठला, ही अडचण खरी. तरी झोप, मनःस्थिती आणि कामावर परतणे यांविषयी विचारायला फार मिनिटे लागत नाहीत.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. हायड्रोकॉर्टिसोन स्वतःहून बंद करायचे नसते. ताप आला तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.